ग्रोथ हार्मोन ०.१ आलंय, वय ४८. इंजेक्शन लागेल का?

फोंडेकर४८: सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, ग्रोथ हार्मोन ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिली. जिमचा ट्रेनर म्हणतो, वयामुळे आटत चाललंय, इंजेक्शनं सुरू करा. पोट सुटलंय, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ आहे. वयाप्रमाणे हे नेमकं किती घटतं आणि खरी तपासणी कुठली?

लॅब_म्हापसा: फोंडेकरबाब, तो आकडा विसरा. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हे हार्मोन सलग सोडत नाही, अधूनमधून एकदम सोडते, आणि रक्तात ते २० मिनिटांच्या आसपास निम्मं होतं. दोन लाटांच्या मधे रक्त काढलं तर धडधाकट विशीतल्या पोराचंही ०.१ येईल. जिने धावत चढून आलेल्याचं त्याच्या कितीतरी पट येईल.

आधी आयजीएफ-१ करा. ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून ते मुख्यतः यकृत बनवतं आणि दिवसभर त्याची पातळी जवळजवळ सारखी राहते. रिपोर्टवर वयानुसार रेंज छापलेली हवीच. सोळा वर्षांच्या मुलाचं ४०० नॉर्मल, पण साठीतल्या माणसाचं ४०० आलं तर अ‍ॅक्रोमेगालीचा, म्हणजे ग्रोथ हार्मोन जास्त झाल्याने होणाऱ्या आजाराचा, शोध घ्यावा लागतो. सगळ्यांना एकच रेंज लावणारा रिपोर्ट कामाचा नाही. थायरॉइड कमी, यकृत बिघडलेलं, खाणं अपुरं असेल तरी आयजीएफ-१ खाली जातं. बायकांत इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही जातं, त्वचेवर लावायच्या पॅचने सहसा जात नाही.

अंतःस्राव: वयाचं विचारलंत म्हणून. वयात येताना स्राव लहानपणापेक्षा दोन-तीन पट होतो. विशीनंतर दर दहा वर्षांना ढोबळमानाने १४ टक्के घट. लाटांची संख्या फारशी बदलत नाही, त्यांची उंची कमी होते. मेंदूकडून चालना देणारा जीएचआरएच कमी पडतो, आवर घालणाऱ्या सोमॅटोस्टॅटिनचा जोर वाढतो.

पुरुषांत सगळ्यात मोठी लाट झोप लागल्यावर पहिल्या गाढ टप्प्यात येते. २००० साली १४९ निरोगी पुरुषांच्या अभ्यासात तरुणपणी १९ टक्के असलेली गाढ झोप चाळिशीच्या आसपास साडेतीन टक्क्यांखाली आलेली दिसली, आणि ग्रोथ हार्मोनही तिच्याबरोबरच घसरलेलं. दुसरं कारण पोटावरची चरबी. ती वयापेक्षाही जास्त दाबते, आणि वजन उतरलं की स्राव बराचसा परत येतो. तुमच्या बाबतीत मला हेच पहिलं वाटतं.

फोंडेकर४८: म्हणजे इंजेक्शन नकोच?

अंतःस्राव: खरी कमतरता असेल तरच. ती संशयायला कारण लागतं: पिट्युटरीची गाठ, तिथली शस्त्रक्रिया वा रेडिएशन, डोक्याला जबर मार, बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव. मग उत्तेजन चाचणी करतात. शिरेतून किलोमागे साधारण ०.१ युनिट इन्सुलिन देऊन साखर ४० च्या खाली नेतात, आणि त्या वेळी हार्मोन किती उसळतं ते ठरावीक अंतराने रक्त काढून मोजतात. डॉक्टर शेजारी आणि ग्लुकोज हाताशी असल्याशिवाय ही करायची नाही. फिट्स किंवा हृदयविकार असेल तर ग्लुकागॉनची चाचणी. लठ्ठ माणसात उसळी मुळातच बुटकी असते, म्हणून निकाल वजन धरून वाचावा लागतो.

१९९० मध्ये साठीपुढच्या १२ पुरुषांना सहा महिने हे इंजेक्शन दिलं; स्नायू वाढले, चरबी घटली. त्यावरून बाजार उभा राहिला. पुढच्या अभ्यासांत ताकद मात्र तशी वाढली नाही. हातापायांना सूज, सांधेदुखी, बोटांना मुंग्या आणि वाढलेली साखर हे हमखास दिसणारे त्रास. ५.९ वर ही जोखीम घेऊ नका, कळकळीने सांगतो.

लॅब_म्हापसा: आणि ही औषधं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. जिमच्या कपाटातली कुपी एप्रिल-मेच्या उकाड्यात किती दिवस होती कोण सांगणार? आयजीएफ-१, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एलएफटी (यकृतासाठी) एकाच रक्तात करून घ्या. आयजीएफ-१ वयाच्या रेंजखाली आलं तर सगळे कागद घेऊन गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) बांबोळीला दाखवा. घोरत असाल तर तेही तिथे सांगा, झोपेत श्वास अडकत असेल तर गाढ झोप तुटते.