बोअरच्या पाण्यातील पाणवनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यावा का?

निवळी
नमस्कार. माझ्याकडे सुमारे ६० लिटरची काचेची टाकी असून तीत आठ गप्पी मासे आहेत. पाणी पुण्यातील आमच्या इमारतीच्या बोअरचे आहे. त्याचा केएच (पाण्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट क्षारांचे माप) १२ आहे. टाकीतील पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे, ते सांगणारा आकडा) सकाळी दिवा लावण्यापूर्वी ७.८, तर संध्याकाळी ८.४ भरतो. व्हॅलिस्नेरिया जोमाने पसरते आहे. हायड्रिलाही वाढते, पण तिच्या पानांवर पांढरा, खरखरीत थर चढतो. रोटाला आणि जावा मॉस मात्र दोन महिने जवळजवळ जागच्या जागी आहेत. दिवा दहा तास ठेवून पाहिला, तर शेवाळच वाढले. सिलिंडर, साखर आणि यीस्टची बाटली, की दुकानात मिळणारा ‘द्रवरूप कार्बन’, यांपैकी काय घ्यावे?

सड्यावरचा
आपण दिलेल्या आकड्यांतच बरेचसे उत्तर आहे. केएच आणि पीएचवरून हिशेब केला, तर आपल्या टाकीत सकाळी लिटरमागे सुमारे साडेपाच मिलिग्रॅम विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो आणि संध्याकाळी तो दीड मिलिग्रॅमच्याही खाली येतो; म्हणजे रात्री मासे, जिवाणू आणि वनस्पती यांच्या श्वसनातून जे साठते, ते दिवसा संपते. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तर लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅमच राहतो. शिवाय हा वायू हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे पानाला चिकटलेल्या स्थिर थरातून तो आत पोहोचणे हीच मोठी अडचण असते.

पण आपल्या पाण्यात बायकार्बोनेट मुबलक आहे. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया त्यातून कार्बन घेऊ शकतात. हायड्रिलाच्या पानाची खालची बाजू आम्लधर्मी होऊन बायकार्बोनेटचा उपयोग होतो आणि वरची बाजू अल्कधर्मी होते. तिथे कॅल्शियम कार्बोनेट साचते. आपल्याला दिसणारा पांढरा थर बहुधा तोच आहे, तो रोग नाही. मॉसला ही सोय नाही. रोटाला उभयचर आहे, म्हणजे पाण्यात आणि पाण्याबाहेरही वाढते: कोकणातल्या सड्यांवर (खडकाळ पठारांवर) पावसाळी डबक्यांत तिच्या जाती शेंडे पाण्याबाहेर काढून थेट हवेतला वायू घेताना मी दरवर्षी पाहतो, आणि ते दृश्य मला फार प्रिय आहे. भूजलावर पोसलेल्या झऱ्यांत मातीतल्या श्वसनाचा वायू पाण्यातून येत असल्यामुळे तिथे पूर्ण बुडालेल्या वनस्पतीही छान वाढतात. ती परिस्थिती बंद टाकीत आपोआप निर्माण होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की केवळ दोन वनस्पतींसाठी सिलिंडर घेऊ नये. दिवा सात तासांवर आणावा, पाण्याचा पृष्ठभाग गरजेपुरताच हलता ठेवावा आणि रोटालाचे शेंडे पाण्याबाहेर वाढू द्यावेत. पीएच उतरवण्यासाठी आम्ल घालू नये; त्यातून सुटलेला वायू उडून जातो आणि माशांना मात्र धक्का बसतो.

काचघर
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे. ‘द्रवरूप कार्बन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्यांत ग्लुटरॅल्डिहाइड असते. ते जंतुनाशक आहे, आणि त्याने व्हॅलिस्नेरियाची पाने विरघळल्याचे अनेकांनी पाहिले आहे. आपली सर्वांत निरोगी वनस्पतीच त्यामुळे धोक्यात येईल. साखर आणि यीस्टचे मिश्रण उन्हाळ्यात वेगाने फसफसते, थंडीत मंदावते आणि रात्री थांबवता येत नाही, म्हणून मासे असलेल्या टाकीसाठी मी ते सुचवणार नाही.

निवळी
दोघांचे मनापासून आभार. रोटालाचे शेंडे वर येऊ देते आणि दिव्याचा वेळ आजच कमी करते. मॉस मला फार आवडते, त्यामुळे पुढे सिलिंडर घेतलाच, तर कोणती काळजी घ्यावी?

सड्यावरचा
सिलिंडरच्या रेग्युलेटरला टायमरवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी झडप) असलाच पाहिजे. वायू दिव्याच्या एक तास आधी सुरू व्हावा आणि दिवा मालवण्यापूर्वी बंद व्हावा. लिटरमागे २० मिलिग्रॅम पुरेसे आहेत. आपल्या केएचवर त्या वेळी पीएच ७.३ च्या आसपास दिसेल. मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर वायू लगेच बंद करून हवेचा पंप चालू करावा. ड्रॉप चेकर (पाण्यातला वायू किती आहे, ते रंग बदलून दाखवणारे छोटे उपकरण) लावाल, तर त्यात टाकीतले पाणी कधीही भरू नका, केएच ४ चे तयार द्रावणच भरा. त्या द्रावणात हिरवा रंग सुमारे ३० मिलिग्रॅमला येतो. आपल्या केएच १२ च्या पाण्यात तोच हिरवा रंग सुमारे ९० मिलिग्रॅमला येईल, आणि तेवढा वायू गप्पींच्या जिवावर बेतू शकतो.