मदत हवी आहे: गाडी तापली की कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचत नाही (१९६९ शेव्हेल एसएस ३९६)

नमस्कार मंडळी,

मूळचं बिग ब्लॉक (मोठ्या आकाराचं व्ही८) इंजिन, क्वाड्राजेट (चार तोंडांचा) कार्ब्युरेटर, इंजिनवरचाच, इंजिनच्याच फिरण्यावर चालणारा मेकॅनिकल फ्युएल पंप. थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होते, मोकळ्या रस्त्यावर तासभर पळवली तरी तक्रार नाही. त्रास गरम झाल्यावरचा आहे आणि तो दोन तऱ्हांचा आहे. बरेच दिवस मी दोन्ही एकच समजत होतो.

चालवून आणून दहा-पंधरा मिनिटं उभी केली की सुरू होत नाही. तेव्हा एअर क्लीनर काढला तर पेट्रोलचा उग्र वास येतो आणि कार्ब्युरेटरच्या आत थेंब गळताना दिसतात. म्हणजे बाऊलमधलं (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं) पेट्रोल उकळून खालच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये सांडतंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की काळा धूर सोडत सुरू होते. यावर मॅनिफोल्डचा हीट क्रॉसओव्हर (गरम एक्झॉस्ट वायू कार्ब्युरेटरखालून नेणारा मार्ग) बंद करणारं गॅस्केट आणि कार्ब्युरेटरखाली फिनॉलिक स्पेसर (उष्णता अडवणारी जाड चकती) टाकायचं ठरवलंय.

अडलंय ते दुसऱ्यापाशी. ट्रॅफिकमध्ये वीसेक मिनिटं रांगत गेलं की आयडलिंग डळमळतं आणि गाडी बंद पडते. तेव्हा थ्रॉटल हाताने ओढला तर ॲक्सिलरेटर पंपाची (थ्रॉटल उघडताच कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उडवणारी) धारच येत नाही, बाऊल कोरडा असतो. कार्ब्युरेटरच्या अलीकडे प्रेशर गेज लावला. एरवी ६ पीएसआय (दाबाचं एकक) असतं, बंद पडायच्या आधी काटा थरथरत २च्या खाली येतो. परवा बंद पडल्यावर तिथेच बॉनेट उघडून पंपावर आणि त्यात येणाऱ्या नळीवर ओलं फडकं ठेवलं. फडक्यातून वाफ निघाली. पाच मिनिटांनी सेल्फ मारला तर काटा चढला आणि गाडी सुरू झाली.

ठिणगी तशा अवस्थेतही जोरदार होती, त्यामुळे कॉइलवर संशय नाही. टाकीचं झाकण सैल करून पाहिलं, मागचे रबरी होज बदलले, नळीत वाफ होऊ नये म्हणून सांगतात तो जुना उपाय, नळीला लाकडी चिमटे, तेही लावून झाले. फरक शून्य.

माझा संशय हेडर्सवर (मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी बसवलेल्या एक्झॉस्टच्या नळ्यांवर) आहे. पंप इंजिनच्या उजव्या बाजूला पुढे खाली असतो आणि हेडरची एक नळी त्याच्यापासून जेमतेम दोन बोटांवरून जाते. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणून त्याच्या मागच्या नळीत दाब कमी असतो आणि कमी दाबाखाली पेट्रोल लवकर उकळतं. त्यात १० टक्के इथेनॉलचं मिश्रण, ते आणखी सहज वाफ धरतं. नळीत वाफ भरली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

आता दोनच वाटा दिसतात. एक, तीन तोंडांचा पंप लावून टाकीपर्यंत रिटर्न लाइन (जादा पेट्रोल आणि वाफ टाकीत परत नेणारी नळी) ओढायची, जशी त्या काळी जनरल मोटर्स एसी असलेल्या गाड्यांना देत असे. वाफ परत जाईल आणि पंपातून थंड पेट्रोल खेळतं राहील, पण ओढणारी नळी हेडरशेजारीच राहणार. दोन, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप. मग पूर्ण नळी दाबाखाली येते. पण ऑइल प्रेशर स्विच (इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा) जोडल्याशिवाय मी तो लावणार नाही, कारण इंजिन बंद पडूनही पंप पेट्रोल ढकलत राहिला तर आग लागू शकते.

मूळ पंप काढायला मन होत नाही. हेडर्स ठेवून नुसती रिटर्न लाइन आणि नळीला हीट शील्ड एवढ्यावर कोणाचं भागलंय का? आणि रिटर्न लावल्यावर फुल थ्रॉटलला प्रेशर किती पडलं, तेही सांगा.