ॲपवर हॉटेल वर आणायचं तर जाहिरात लावायची की शेव वेगळी बांधायची?

तर्रीवाला, जळगाव

महाबळकडे माझं आठ टेबलांचं हॉटेल आहे. शेव भाजी, वरण-बट्टी आणि थंडीत भरीत. झोमॅटो, स्विगी दोन्हीकडे नाव आहे. परवा गल्ल्यावर बसल्या बसल्या माझ्याच फोनवर 'शेव भाजी' शोधली. आधी पिझ्झावाला आला, मग चायनीजवाला, मग दोन बिर्याणीवाले. अंगठा दुखेस्तोवर खाली गेलो तेव्हा मी सापडलो. आणि मी तर हॉटेलातच बसलेलो!

एका ॲपच्या माणसाला फोन लावला. तो म्हणे, दिवसाला पाचशेची जाहिरात लावा, उद्या वर दिसाल. दहा दिवस लावली. पाच हजार गेले. क्लिक ६२५, म्हणजे क्लिकमागे आठ रुपये. ऑर्डरी ३१. एका ऑर्डरीमागे १६१ रुपये जाहिरातीला, आणि माझी शेव भाजी १४० ची.

रात्री डोकं धरून बसलो. जवळजवळ सहाशे लोक माझं पान उघडून निघून गेले, त्यांनी पाहिलं तरी काय? मग मीच गिऱ्हाईक होऊन पाहिलं. शेव भाजीचा फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, शेव फुगून लगदा झालेली, वर तर्री नाही. जून महिना आणि मेनूत भरीत चालूच, कोणी मागवलं की आम्ही ऑर्डर रद्द करतो. नाव एकाच स्पेलिंगनं. अर्धे लोक एस-ई-व्ही टाइप करतात, अर्धे एस-एच-ई-व्ही. बाहेरून शिकायला आलेलं पोरगं तर 'बैंगन भरता' शोधतं, त्याला भरीत कुठून दिसणार?

माझं मत सरळ आहे. जाहिरात बंद करा. मेनू साफ करा, नाव दोन्ही स्पेलिंगनं लिहा, फोटो दिवसाउजेडी काढा. रस्सा एका डब्यात, शेव वेगळ्या पुडीत, वर चिठ्ठी: 'जेवायला बसताना टाका'. तीन आठवडे झाले, जाहिरातीविना रोज पाच-सहा ऑर्डरी येऊन राहिल्या. ज्यांना पटत नसेल त्यांनी बोला.

देवपूरकर, धुळे

आप्पा, तुमनं म्हननं पटस, पन अर्धंच.

तुमचं हॉटेल जुनं, चार लोक नावानं ओळखतात. मी नवीन सुरू केलं तेव्हा माझ्याकडे एकही रेटिंग नव्हतं. ऑर्डर नाही म्हणून रेटिंग नाही, रेटिंग नाही म्हणून ऑर्डर नाही. फोटो कितीही देखणा काढा, पाहायला कोणी खाली आलंच नाही तर? पहिला महिना मी जाहिरातीवरच काढला आणि त्याच गिऱ्हाइकांनी पहिली पन्नास रेटिंगं दिली.

तुमची चूक वेगळी आहे. दिवसभर लावली ना? दुपारी तीनला, जळगावच्या उन्हात, शेव भाजी कोण मागवतो? लोक नुसते चाळा म्हणून पान उघडतात आणि तुमचे आठ रुपये जातात. मी फक्त शुक्रवार ते रविवार लावतो, संध्याकाळी सात ते दहा. जाहिरातीला शिव्या घालण्याआधी घड्याळ पाहा.

बामणोदची सून, भुसावळ

दोघांचं वाचलं. मला तर कळतच नाही, ॲप हवंच कशाला?

मी घरून भरीत देते, किलोवर. वांगी यावलकडून येतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. ते हिरवट-पांढरं वांगं काड्यांच्या जाळावर भाजायचं, लाकडी बडजीत कुटायचं, हिरव्या मिरचीचा ठेचा घालायचा. त्याचा फोटो कितीही चांगला काढा, पडद्यावर ते हिरवा गोळाच दिसतं. ज्याला चव माहीत आहे तोच घेतो, आणि त्याच्याकडे माझा नंबर आहे. व्हॉट्सॲपवर सकाळी आठला लिहिते, 'आज बारा किलो', दहापर्यंत संपलेलं असतं. कमिशन शून्य, रेटिंग शून्य, डोक्याला ताप शून्य.

वहीखातं, पाचोरा

ताईंचं ऐकायला गोड वाटतं, पण आधी आकडे घ्या. माझ्या एका पक्षकाराचा हिशेब सांगतो. नाव नाही सांगत.

ऑर्डर ३०० ची. हॉटेलच्या खिशातून सूट ६०, राहिले २४०. त्याच्या करारात कमिशन २४ टक्के, म्हणजे ५७ रुपये ६० पैसे. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, १० रुपये ३७ पैसे. हातात आले १७२. डबे, पिशवी, पुड्या १४. उरले १५८, त्यातून तेल, डाळ, गॅस, आचारी. तर्रीवाल्यांचे जाहिरातीचे १६१ यात टाका, म्हणजे स्वयंपाक करण्याआधीच तीन रुपये खिशातून.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या जेवणाचा ५ टक्के जीएसटी ॲपच भरतं, तो हॉटेलानं भरायचा नाही. म्हणून लोकांना वाटतं कराचं मिटलं. पण पाच टक्केवाल्या हॉटेलाला इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय नाही. कमिशनवरचे ते दहा रुपये परत येत नाहीत, तो खर्चच धरा. आणि ३०० च्या ऑर्डरीवर ६० ची सूट कोणाच्या खिशातून जाते ते करार उघडून पाहा, पोर्टलवर हिरव्या बटणाला 'होय' म्हणण्याआधी.

माझ्या मते दिसण्यासाठी सर्वात महाग पडते ती सूट. जाहिरात बंद करता येते. सवलतीची सवय गिऱ्हाइकाला लागली की सूट काढताच येत नाही.

तर्रीवाला, जळगाव

साहेब, आकड्यांनी घाम फोडला. सूट मी २० वरून १० टक्क्यांवर आणलीय.

सूनबाई, तुमचं बारा किलो सकाळी दहाला संपतं, कारण तो माल भरीत आहे आणि महिना डिसेंबर असतो. जूनमध्ये काय विकता? माझ्याकडे आचारी बारा महिने पगारावर आहे. एमआयडीसीतल्या कंपनीत बाहेरगावहून बदलून आलेला माणूस तुमच्या व्हॉट्सॲप गटात कसा येणार? तो आधी ॲपच उघडतो.

बामणोदची सून, भुसावळ

जूनमध्ये कळण्याची भाकरी आणि ठेचा विकते. पण मुद्दा मान्य, नवीन माणूस माझ्याकडे ओळखीनंच येतो. तरी एक विचारते. तुमच्या ॲपवरच्या गिऱ्हाइकाचा नंबर तुमच्याकडे येतो का? उद्या त्यांनी तुम्हाला खाली ढकललं तर त्याला कसं सांगाल, की मी इथेच आहे?

देवपूरकर, धुळे

ताईंनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय, आणि हे मी जाहिरात लावणारा असून बोलतोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गुरुग्रामच्या हॉटेलवाल्यांनी ॲपच्या सवलत योजनांविरुद्ध, त्यातून बाहेर पडायची लॉगआउट मोहीम काढली होती. पुढे राष्ट्रीय रेस्टॉरंट संघटनेच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो आणि स्विगीची चौकशी लावली. यादीत कोणाला वर ठेवलं जातं हाही त्यातला प्रश्न होता. म्हणजे वर-खालीचा खेळ आपल्या डोक्यातला नाही.

पण म्हणून ॲप सोडा असं मी म्हणणार नाही. मी गुगल मॅपवर हॉटेलचं पान नीट भरलंय: वेळ, फोटो, फोन. शोधणारा तिथूनही थेट फोन लावतो, त्याला कमिशन नाही. पार्सलमध्ये स्वतःचा नंबर टाकू का, असं पोरं विचारतात. आधी करार वाचा, माझ्या करारात त्याला मनाई आहे.

दोन_चाकं, जळगाव

मी तुमच्या पार्सली उचलतो, म्हणून बोलतो. सगळे शेठ फोटो आणि स्पेलिंगवर बोलून राहिले, 'तयार' बटणावर कोणीच नाही.

बट्टी अजून तळायची असते आणि पोरगं बटण दाबून मोकळं होतं. मी येऊन दाराशी उभा. मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, पेट्रोलची टाकी तापते आणि मी वीस मिनिटं पायऱ्यांवर. तिकडे गिऱ्हाईक पडद्यावर बघतं की गाडी हलत नाही, शिव्या मला. मग तो एक स्टार देतो, तो तुमच्या नावावर चढतो. पंधरा मिनिटं लागणार असतील तर पंधरा टाका ना भो, सात कशाला टाकता?

आणि दारात एक माठ ठेवा. पाणी पाजणाऱ्या हॉटेलची ऑर्डर आली की आम्ही नाही म्हणत नाही.

वहीखातं, पाचोरा

या धाग्यातला सर्वात स्वस्त उपाय. माठ दीडशेला येतो.

तर्रीवाला, जळगाव

माठ आहे, भाऊ. पेला साखळीला बांधलेला होता, तो आज सोडला. आणि स्वयंपाकाची वेळ बारा मिनिटांवरून अठरा केली. यानं मी यादीत आणखी खाली जाईन अशी भीती आहे, पंधरा दिवसांनी सांगतो.

देवपूरकर, तुमच्या सांगण्यावरून या शनिवारी फक्त सात ते दहा जाहिरात लावली. २१० रुपये गेले, जाहिरातीतून ऑर्डरी सहा आल्या. ऑर्डरीमागे ३५. मान्य करायला जड जातंय, पण वाईट नाही.

हे लिहिता लिहिताच सातवी वाजली. दोन शेव भाजी, चार भाकरी. खाली सूचना: 'शेव भाजीतच टाकून द्या, वेगळी पुडी नको.' आता याला काय करू, सांगा.