कूलंट, ॲडिटिव्ह, फ्लशिंग: नेमकं कशाला काय म्हणायचं?

गॅरेजवाल्यानी सांगितलंय की कूलंट फ्लशिंग करून घ्या, सोबत ॲडिटिव्ह पण टाकू. बाबा म्हणतात आमच्या वेळी नुसतं पाणी बदलायचे, हे काय नवीन काढलंय. ह्या तीन शब्दांचा नेमका अर्थ काय आणि मराठीत काय म्हणायचं? गाडी पेट्रोल, बरीच जुनी, रोज कोथरूड ते हिंजवडी.

—

कूलंटपासून सांगतो. म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं द्रव. पुस्तकी शब्द शीतक, पण त्यात निम्मा अर्थ बाहेरच राहतो, कारण इंजिनाची उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य रसायनापेक्षा, सरस आहे. मग बाटली कशाला, तर पाण्याला दोन खोडी आहेत, ते लवकर उकळतं आणि गंज चढवतं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, इथे उघड्यावर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मं पाणी निम्मं इथिलीन ग्लायकॉल केलं की तेच १०५ च्या पुढे जातं, आणि रेडिएटरचं झाकण कुकरसारखं प्रेशर धरून ठेवतं म्हणून बंद सिस्टीममध्ये अजून बरंच वर. उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही हा त्याचा दुसरा गुण, त्यावरून अँटीफ्रीझ हे नाव पडलं, आणि ते वाचून आपल्याकडे लोक म्हणतात इथे कुठे बर्फ पडतो, नको ते. पण मे महिन्यात खंबाटकी चढताना बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या बघा की! आपल्याला बर्फाची नाही, उकळण्याची आणि गंजाची भीती आहे.

आता ॲडिटिव्ह. हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि गोंधळ इथेच होतो. एक म्हणजे कूलंटमध्ये कंपनीनेच घातलेली गंजरोधक रसायनं, सिलिकेट, फॉस्फेट, सेंद्रिय आम्लं वगैरे. कूलंट जुनं झालं म्हणतात तेव्हा ही संपलेली असतात, ग्लायकॉल तसंच असतं, रंगही तसाच दिसतो, म्हणून नुसतं बघून कळत नाही. दुसरं म्हणजे वरून टाकायची वेगळी बाटली, त्यात क्लीनर असेल, लीक बंद करणारं असेल, पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं असेल. तेव्हा "ॲडिटिव्ह टाकू" म्हटलं की विचारायचंच, कुठलं आणि कशासाठी? गळती नसताना लीक स्टॉपर टाकायचं काहीच कारण नाही, हीटरच्या बारीक नळ्या चोंदू शकतात. आणि चांगलं कूलंट असेल तर त्यात जे लागतं ते आधीच आहे, वरून दुसरं काही ओतायची गरज मला तरी वाटत नाही.

फ्लशिंगला माझा शब्द खंगाळणं. टॉप-अप म्हणजे भर घालणं, ड्रेन म्हणजे खालून काढून टाकणं, आणि फ्लश म्हणजे आत पाणी खेळवून खंगाळणं, ही तीन वेगळी कामं आहेत, बिलावर मात्र ड्रेन करून फ्लश लिहिलेलं चालून जातं. खालचा नळ सोडला तरी इंजिन ब्लॉक आणि हीटरमधलं जुनं बरंचसं आतच राहतं. म्हणून डिस्टिल्ड पाणी भरायचं, हीटर फुल गरमवर ठेवायचा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग सोडायचं, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत परत परत तेच. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, वाफेने चेहरा भाजतो. एक बारकावा गॅरेजवाले पण विसरतात, खंगाळल्यावर साधं पाणी आत शिल्लक राहतं, त्यावर तयार मिश्रण भरलं की ते पातळ होतं. त्यापेक्षा मॅन्युअलमध्ये सिस्टीमची क्षमता बघून तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, आधी घालायचं आणि उरलेली जागा डिस्टिल्डनी भरायची, मग हवा काढायची.

—

नाना पेठेत दुकानदार विचारतो हिरवं की लाल? त्याला काय सांगायचं?

—

दादा, रंग म्हणजे जात नाही. कुठल्या रंगाला कुठलं रसायन असा सगळ्या कंपन्यांना लागू नियम नाही, दोन हिरवी आतून वेगळी निघू शकतात. रंग बघून मिसळली तर संरक्षण कमी होतं, कधी कधी गाळ पण धरतो. मॅन्युअलमध्ये स्पेसिफिकेशन लिहिलेलं असतं, तेच सांगा, आणि आधीचं काय होतं माहीत नसेल तर खंगाळूनच नवीन भरा.

—

आमच्याकडे ड्रायव्हरकाका "पाणी बघितलं का" असंच विचारतात. आणि घरचं आरओचं पाणी चालेल ना?

—

"पाणी बघणं" हा बोलीतला छान शब्द आहे, तो राहू द्या, फक्त तो ऐकून कोणी सोसायटीच्या बोअरचं पाणी ओतू नये. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार आत पापुद्र्यासारखे बसतात आणि मग उष्णता बाहेर जात नाही. आरओत क्षार कमी होतात, संपत नाहीत, बऱ्याच घरगुती मशीनमध्ये तर चवीसाठी परत मिसळतात. डिस्टिल्डचा कॅन घ्या, बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं तेच, फक्त आम्लाची बाटली उचलू नका.

आणि काढलेलं कूलंट पार्किंगमध्ये किंवा गटारात सोडू नका प्लीज. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसं पण त्यांच्या किडन्या निकामी करायला पुरतं. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला परत द्या.