हॅलोविनसाठी भोपळा केव्हा कोरावा आणि गराचे काय करावे?

प्रश्न:
३१ ऑक्टोबरच्या हॅलोविन या पाश्चात्त्य सणासाठी मुलांसह घरीच भोपळ्यावर चेहरा कोरून आत दिवा ठेवण्याचा विचार आहे. गेल्या वर्षी आठवडाभर आधी कोरलेला भोपळा ऐन दिवशी बुरशी येऊन खचला. तो नेमका केव्हा कोरावा, आणि आतला गर स्वयंपाकात वापरता येईल का?

प्रतिसाद १:
कोरलेला भोपळा थोडेच दिवस चांगला राहतो, म्हणून २९ तारखेच्या आधी त्याला सुरी लावू नये. देठाकडचे झाकण कापताना सुरी आतल्या बाजूस तिरकी धरावी, म्हणजे झाकण आत पडत नाही. त्यानंतर मोठ्या चमच्याने धागे व बिया काढून, ज्या बाजूवर चेहरा कोरायचा ती बाजू आतून खरवडून साधारण अडीच सेंटिमीटर जाडीची करावी. मुलांना चेहरा रेखाटू द्यावा, सुरी मात्र मोठ्यांनीच चालवावी. मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवल्यास भोपळा आतून तापत नाही.

प्रतिसाद २:
कोरण्याचे मोठे भोपळे पाणचट आणि धागेदार असतात. सूप किंवा ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) करण्यासाठी लहान, गोडसर भोपळा वेगळाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बिया मात्र मोठ्या भोपळ्याच्याही उत्तम लागतात. त्या धुऊन, पूर्ण कोरड्या करून, तेल-मीठ चोळून १८० अंश सेल्सिअसवर सुमारे १५ मिनिटे भाजाव्यात. (ओल्या भाजल्यास चिवट होतात, हा स्वानुभव.)

प्रतिसाद ३:
आयर्लंडमध्ये पूर्वी यासाठी सलगम कोरत असत. भोपळा आला तो अमेरिकेत. एकदा सलगम कोरून पाहिल्यावर भोपळ्याबद्दलची माझी तक्रार कायमची मिटली. दिवा लावून बाहेर ठेवलेला भोपळा मात्र नंतर शिजवू नये.