लिंक्डइन, इंडीड की ग्लासडोअर? भरतीचे पैसे एकाच ठिकाणी घालायचे तर कुठे?

एकटी_एचआर:
आमची कंपनी लहान, साठेक माणसांची. एचआरचं सगळं मीच बघते. येत्या तिमाहीत कस्टमर सपोर्टला काही जण घ्यायचे आहेत आणि एक अनुभवी बॅकएंड डेव्हलपर हवा आहे. बजेटमध्ये एकाच साइटचं पॅकेज बसतं. संचालकांना लिंक्डइन हवं आहे, कारण 'ब्रँडिंगही होईल'. मागच्या वेळी एका साइटवर जाहिरात दिली तर अर्जांचा ढीग आला, पण मुलाखतीला बोलवावेत असे मोजकेच निघाले. शिवाय ग्लासडोअरवर, म्हणजे जिथे कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल लिहितात तिथे, आमच्याबद्दल एक कडवट रिव्ह्यू आहे, उघडलं की तोच आधी दिसतो. तो काढता येतो का? ज्यांनी या साइट स्वतः वापरल्यात त्यांनी कृपया सांगा.

शॉर्टलिस्ट:
ताई, आधी एजन्सीत आणि आता कंपनीत, मी भरतीचंच काम करत आलोय. तुमच्या दोन जागा म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत. एका पॅकेजमध्ये दोन्ही बसवायला जाऊ नका.

सपोर्टची माणसं आज, याच आठवड्यात नोकरी शोधत असतात. कामाचं नाव आणि ठिकाण टाकून सर्च करतात. इंडीड 2004 साली सुरू झालं तेच या कल्पनेवर, की ठिकठिकाणच्या नोकऱ्या एका शोधात सापडाव्यात. तिथे फुकट टाकलेली जाहिरात नव्या जाहिरातींखाली दबत जाते. स्पॉन्सर केली, म्हणजे पैसे भरले, तर वर राहते, आणि खर्चाची मर्यादा तुम्हीच ठरवता. थोडे पैसे तिथे लावा, सोबत दोन-तीन चाळणी प्रश्न टाका. अर्जांच्या ढिगाला बहुतेकदा जाहिरातीची भाषा कारणीभूत असते. 'उत्तम संवादकौशल्य, टीम प्लेअर' यात कोणीही स्वतःला बसवून घेतो. 'आठवड्यात दोन रात्रपाळ्या, काम मुख्यतः चॅटवर, बढतीचा विचार वर्षानंतर' असं लिहा, ज्याला जमणार नाही तो आपणहून गळतो.

डेव्हलपरचं उलटं आहे. तो कुठेतरी नोकरीत आहे आणि जाहिराती बघत नाही. त्याला शोधावं लागतं, आणि लिंक्डइनचं खरं बळ तिथे आहे: कोण कुठे, किती वर्षं, कशावर काम करतोय हे दिसतं. त्यासाठी उमेदवार शोधायचं लिंक्डइनचं महागडं रिक्रूटर लायसन्स लागतंच असं नाही. तुमच्या टेक लीडला त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलवरून चार ओळी लिहायला सांगा. 'तुमचं हे काम पाहिलं, आमच्याकडे असा प्रश्न अडलाय' अशा मेसेजला उत्तर येतं. एचआरच्या साचेबंद मेसेजला मी क्वचितच उत्तर आलेलं पाहिलंय.

आणखी एक, फार जणांच्या लक्षात येत नाही. इंडीड 2012 मध्ये आणि ग्लासडोअर 2018 मध्ये जपानच्या रिक्रूट होल्डिंग्जने घेतलं. 2025 मध्ये तर ग्लासडोअरचं कामकाज इंडीडमध्येच सामावून घ्यायचं ठरलं. म्हणजे तुमच्या यादीतली तीन नावं मुळात दोनच घरची आहेत. आणि नाव कितीही मोठं असलं तरी साइट टिकेलच असं नाही. मॉन्स्टर हे सगळ्यात जुन्या नावांपैकी एक, 2024 मध्ये करिअरबिल्डरशी एक झालं आणि 2025 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. उमेदवारांची नोंद नेहमी आपल्याजवळ ठेवा, साइटच्या डॅशबोर्डवर विसंबू नका.

सेमीकोलन:
मी उमेदवाराच्या बाजूने, बॅकएंडवालाच. मेसेज आला की कंपनीच्या पेजवर एक नजर टाकतो आणि थेट रिव्ह्यूकडे जातो, त्यातही अलीकडचे आणि कमी स्टारचे आधी. एकच माणूस रागावलेला असेल तर सोडून देतो. चार जण वेगवेगळ्या महिन्यांत एकच तक्रार करत असतील तर पुढे जात नाही. केक कापतानाच्या फोटोंवरून मला काहीच कळत नाही. पगाराची रेंज, मुलाखतीच्या फेऱ्या, घरी करायची असाइनमेंट किती तासांची, हे लिहा ना!

आम्ही प्रोग्रामर रोज वापरतो त्या साइटपैकी गिटहबचा जॉब बोर्ड 2021 मध्ये आणि स्टॅक ओव्हरफ्लोचा 2022 मध्ये बंद झाला. आमच्यातले बरेच जण आता ओळखीतूनच हलतात. एका कंपनीने मला नकार दिला, पण कारणासकट आणि वेळेवर. तिथे मी नंतर मित्राला पाठवलं. बाकीच्यांनी तीन फेऱ्या घेऊन फोनच उचलला नाही.

साइटमॅप:
तुमच्या स्वतःच्या करिअर पेजबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. गूगल 2017 पासून सर्चमध्येच नोकऱ्या दाखवतं. त्यासाठी प्रत्येक जागेचं वेगळं पान हवं आणि त्यात 'जॉबपोस्टिंग' स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे गूगलला वाचता येईल अशा ठराविक साच्यातली माहिती, हवी: पदाचं नाव, वर्णन, तारीख, कंपनी, ठिकाण. याचे पैसे गूगल घेत नाही. जागा भरली की पान काढा किंवा मुदत संपल्याचं नोंदवा. जाहिरातीची पीडीएफ चढवून यातलं काही होत नाही. सोशल मीडियावर किंवा मेसेजमध्ये द्यायच्या लिंकला वेगळा ट्रॅकिंग टॅगही लावा, म्हणजे कोण कुठून आलं ते कळतं.

शॉर्टलिस्ट:
टॅगला दुजोरा. फक्त पहिल्या मुलाखतीत तोंडीही विचारा, 'आमचं नाव पहिल्यांदा कुठे दिसलं?' माणूस लिंक्डइनवर पोस्ट बघतो, ग्लासडोअरवर वाचतो आणि अर्ज इंडीडवरून करतो. श्रेय मिळतं शेवटच्याला. संचालकांना अर्जांचा आकडा दाखवू नका. शेवटच्या फेरीपर्यंत कुठून किती पोचले आणि सहा महिन्यांनी किती टिकले, ते दाखवा.

एकटी_एचआर:
सगळ्यांचे आभार. पण त्या रिव्ह्यूचं काय करू?

शॉर्टलिस्ट:
पैसे देऊन तो निघत नाही. नियमभंग असेल तरच फ्लॅग करता येतो, म्हणजे साइटकडे तक्रार नोंदवता येते. मात्र फुकटच्या एम्प्लॉयर अकाउंटवरून उत्तर देता येतं, ते द्या. कोणी लिहिलं याचा माग काढू नका. तक्रारीतलं काय खरं होतं आणि त्यानंतर काय बदललं, एवढंच लिहा. टीमला पाच स्टार द्यायला बसवू नका. एका आठवड्यात एकाच भाषेतले दहा रिव्ह्यू आले की सेमीकोलनसारखा वाचणारा लगेच ओळखतो. बिनशर्त, मनापासून लिहा असं सांगा, बस.

एकटी_एचआर:
त्यात पाळ्या आदल्या दिवशी कळतात असं लिहिलंय. तेव्हा तसंच होतं. आता वेळापत्रक दोन आठवडे आधी लागतं, तेच उत्तरात लिहिते. पॅकेज घेत नाही. सपोर्टसाठी इंडीडवर थोडे पैसे लावते आणि डेव्हलपरसाठी टेक लीडला गाठते. जाहिरातीत पगाराची रेंज टाकायला संचालक तयार होतात का, ते उद्याच्या मीटिंगनंतर इथेच कळवते.