अनुभव धागा: भिंतीवरची लाल खूण

मल्हारगंजची लेक
काल इंदूरच्या एका जुन्या गल्लीतून येत होते. ओट्यावर एक आजोबा भिंतीला पाठ टेकून पेपर वाचत होते आणि त्यांच्या डोक्यावर लाल रंगात लिहिलं होतं, 11 फूट. माझे पाय तिथेच थबकले.

बडा गणपती ते कृष्णपुरा छत्री रस्ता 60 फूट रुंद करायचा ठरला तेव्हा आमच्याही भिंतीवर असा आकडा पडला होता. घराचा तेवढा बाधक, म्हणजे रस्त्यात येणारा हिस्सा स्वतः काढा, नाहीतर पोकलेन येईल, असं सांगून गेले. बाबा म्हणाले, पोकलेनला सागवान कळत नाही. मग सुतार बोलावून चार दिवस एकेक खांब, एकेक तुळई उतरवली. शेवटी मधल्या खोलीची निळी ऑइलपेंटची भिंत आणि देवघराचा कोनाडा थेट रस्त्यावर उघडा पडला. आई चादर बांधून पूजा करायची. वाऱ्यानं चादर उडली की येणारेजाणारे हात जोडायचे.

रस्ता हवाच होता. आजीला खुर्चीत बसवून चौकापर्यंत उचलून न्यावं लागलं होतं, कारण अँब्युलन्स आतच येईना. पण नकाशा कागदावर होता तेव्हाच कुणी ओट्यावर बसून आमच्याशी बोललं असतं तर! तुमच्याकडे काय झालं, लिहा.

सुदामानगरचा दादा
ताई, पोटात कालवलं. आमच्या मामांनी खांब तोलून विकले. तोलून! अजून रुखरुख आहे.

रामबाग_काकू
आमच्याकडे खूण नाही पडली. पण नदीकाठी राहणारी आमची कामवाली बाई सरकारी फ्लॅटमध्ये गेली. घर पक्कं, नळ आत, मुलीला स्वतंत्र खोली, ती खूश होती. दोन महिन्यांनी काम सोडलं. दोन बस बदलून येण्यात पगारातला मोठा भाग जायचा. सहाव्या मजल्यावर पापड कुठे वाळवू, असं विचारायची. घर देताना कामाची जागा किती लांब जाते तेही बघायला हवं ना?
कुकर लावलाय, नंतर येते.

जुना ड्राफ्ट्समन
नकाशे काढण्यात जन्म गेला म्हणून लिहितो. मध्य प्रदेशच्या 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) कायद्यात विकास योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं की दावे-आपत्तीसाठी, म्हणजे हरकतींसाठी मुदत असते, निदान 30 दिवस. लोक येतातही. पण भिंतीवरच्या नकाशात स्वतःचं घर शोधत बसतात आणि सापडत नाही, कारण तिथे खसरा नंबर, म्हणजे जमिनीचे सर्व्हे नंबर असतात, घर नंबर नसतो. एक बाई बोटानं हनुमानाचं मंदिर शोधत होत्या, ते सापडलं की पुढचं तिसरं घर त्यांचं. मंदिर नकाशावर नव्हतंच. त्यांचं ते बोट अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि ताई, खूण पडली म्हणजे सगळं संपलं असं नाही. मोजणी रस्त्याच्या मध्यरेषेपासून होते. रेषा जरा सरकली की एका बाजूची घरं जास्त जातात. फेरमोजणी लेखी मागा, पावती घ्या.

वैशालीनगर_वाचक
स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आठवला. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात इंदूरला आला, 1918 मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याच्या तो विरुद्ध होता. पडकं घर काढा, मोकळी जागा करा, बाकीचं सांभाळा, असं त्याचं म्हणणं. आधी पायी फिरून घरन् घर बघायचा. प्लेगच्या दिवसांत त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली, तीत उंदीर-डासांच्या मोठ्या प्रतिमा होत्या, सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत होते आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली. 2017 पासून आपण स्वच्छतेत देशात पहिले येतोय, त्याआधी शंभर वर्षं आपल्याच रस्त्यावर हे झालं होतं. शाळेत का नाही शिकवत?

सुदामानगरचा दादा
तुळशीचं माहीतच नव्हतं! आईला वाचून दाखवलं.

नदीपलीकडचा
आमची वस्ती स्लम नेटवर्किंग योजनेतली. नाल्याच्या उतारानं सीवर लाइन टाकायची आणि वस्त्या शहराशी जोडायच्या, अशी कल्पना होती. 1998 मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. घरात संडास आला तेव्हा माझी आई रडली होती, पहाटे अंधारात जाणं संपलं म्हणून. पण आमच्या गल्लीतली लाइन तिसऱ्या पावसाळ्यात तुंबली. चेंबर कुणी साफ करायचं हे ठरलेलंच नव्हतं. शेवटी आम्ही पोरं बांबू घेऊन उतरायचो.

रामबाग_काकू
आले परत. बांबू घेऊन उतरू नका रे, गॅसनं माणसं जातात. आता तरी मशीन येतं का?

नदीपलीकडचा
येतं काकू. फोन करावा लागतो, पण येतं.

विजयनगर_बसवाला
बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, राहिलाच. 2013 ला सुरू, 2025 ला हायकोर्टानं काढायला सांगितला. मी रोज त्याच बसनं कामाला जायचो, वेळेवर पोचायचो. गाडीवाल्यांची अडचण सगळ्यांना दिसली, आम्ही उभ्यानं जाणारे कुणाला दिसलो नाही.

मल्हारगंजची लेक
खरंय, बसवाले दादा.
ड्राफ्ट्समन काका, त्या आजोबांकडे आज परत गेले होते. घरात दोघंच असतात, मुलगा पुण्याला. फेरमोजणी मागता येते हे त्यांना माहीतच नव्हतं. अर्ज कसा लिहायचा ते सांगाल?

जुना ड्राफ्ट्समन
सांगतो कशाला, येतोच. उद्या दहाला. टेप माझा आहे, दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं.

सुदामानगरचा दादा
मी येतो. ताई, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि त्या सुताराचा नंबरही द्या.